कोरडं चालतं

रेक्टर मॅडमनी दोन चमचे खाल्ले. तिसरा भरला आणि डाव्या हातानं पाकीट उलटवून त्यावरचं नाव वाचलं.

"हे आडनाव तुमचंच?"

"माझंच."

चमचा वाटीत गेला. वाटी टेबलाच्या कडेला सरकली. मॅडम उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि चूळ भरली. मग पुन्हा भरली. रुमालानं तोंड टिपत परत येऊन बसल्या आणि हसल्या.

"चव छान आहे हो," म्हणाल्या.

चंद्रपुरातल्या मुलींच्या वसतिगृहाचं ते ऑफिस. दारात माझी मुलगी उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

वाटीत पेज होती. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात मी चक्की चालवते. मुलगी इथं वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. मेसचं वरण म्हणजे हळदीचं पाणी, तेही उशीर झाला तर मिळत नाही. पोरी खोलीतल्या केटलीत नूडल्स भिजवून खातात आणि झोपतात. दिवाळीला ही घरी आली तेव्हा ओठ पांढरे, उभी राहिली की अंधारी. डॉक्टर म्हणाले, रक्त नाही अंगात. रागावून उपयोग नव्हता. थकून आलेल्या पोरीला गरम, मऊ, लगेच पोटात जाईल असं काहीतरी हवं असतं. नूडल्स ते देतात. मग मीही तेच द्यायचं ठरवलं, फक्त त्यात जीव असेल असं.

तांदळाची कणी आधी शिजवून वाळवली, मग भाजली. नाहीतर नुसत्या गरम पाण्यात ती कच्ची राहते. मुगाच्या डाळीचंही तसंच केलं. दोन्ही जाडसर दळून त्यात जवसाची पूड, सावलीत सुकवलेला शेवग्याचा पाला, जिरं, मीठ घातलं. केटलीतलं उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, हातपाय धुऊन यायचं. पेज तयार. तिच्या खोलीतल्या तिघींनी खाल्ली, मग अख्ख्या मजल्यानं मागितली. मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला की वसतिगृहासाठीच घेऊ. म्हणून मी नाव-गाव छापलेली नवी पाकिटं घेऊन आले होते.

"असं करू," मॅडम म्हणाल्या. "यावर तुमचं नाव नको. आमच्या ओळखीचं महिला मंडळ आहे, त्यांचं टाकू. बनवा तुम्हीच. कोरडं आहे, चालून जाईल."

"आणि ओलं?"

त्यांनी वाटीकडं पाहिलं नाही. दाराकडं पाहिलं.

"मुलगी तुमचीच ना ही? अजून वर्ष आहे तिचं इथं. उद्या सांगा."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. मूल गाव मागं पडलं की जंगल लागतं. वाघापासून सावध राहा, असे फलक मागे पळत होते. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या आमच्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वाघ उभ्या माणसावर सहसा येत नाही. वाकलेल्या बाईवर येतो.

सकाळी मुलीचा फोन आला.

"आई, केटल्या जमा केल्या. सगळ्यायच्या. मॅडम म्हणे, हे सारं हिच्या आईच्यानं झालं."

"पोरी काय म्हणतेत?"

"कोणी बोलत नाई माह्याशी." मग घाईघाईनं म्हणाली, "तू हो म्हण ना आई. नाव कायले पाहिजे तुले? मले पेपर द्याचे आहेत."

"तू दारात होती. पाहिलं ना?"

"पाहिलं."

"मंग?"

फोन बंद झाला.

मी चक्कीवर गेले. गावातल्या मोठ्या घरची सून गहू घेऊन आली होती. तिचं दळण माझ्याकडंच असतं, तिच्या सासूचंही असायचं. डबा भरून दिला. उन्हातून आली होती, तोंड सुकलं होतं. म्हटलं, "पाणी घेता का बाई?"

"नको वं, घाई आहे."

तिला कायमच घाई असते. चक्कीत ती तासभर बाकावर बसते, गप्पा मारते, पोरांची लग्नं सांगते. पाणी म्हटलं की घाई. माझ्या हातचं पीठ तिच्या घरात जातं, तिच्या देवाच्या नैवेद्यालाही जातं. त्यात पाणी तिनं घातलं की ते अन्न होतं. मी घातलं की विटाळ. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी खाणावळ काढली नाही, चक्की काढली. कोरड्यात धंदा केला. मला वाटायचं, हे माझं शहाणपण. मॅडमनी काल नवीन काहीच मागितलं नव्हतं. मी आधीपासून जे देत आले तेच मागितलं होतं.

चक्कीचा पट्टा उतरवला. थांबलेल्यांना सांगितलं, आज दळण होणार नाही.

वसतिगृहात पोचले तेव्हा मुलगी व्हरांड्यात ट्रंकेवर बसली होती. मांडीवर पुस्तक. खोलीला बाहेरून नवं कुलूप. जाणाऱ्या-येणाऱ्या पोरी भिंतीच्या बाजूनं जात होत्या, मान खाली घालून.

मॅडम बाहेर आल्या. "खोली रंगवायची आहे. काय ठरवलंत?"

मी बोलायच्या आधी मुलगी उठली.

"मॅडम, खोली रंगवाची आहे तर बाकीच्या तिघींले दुसऱ्या खोल्या कशा मिळाल्या? मलेच काऊन नाई?"

व्हरांड्यातल्या चपलांचा आवाज थांबला.

"बघा, मुलीचं नुकसान तुम्ही करताय," मॅडम मला म्हणाल्या.

"पाकिटावर माझं नाव राहील," मी म्हटलं. "तुम्हाला नको असेल तर घेऊ नका. ती तुमची मर्जी. पण हिची जागा गुणांवर मिळाली आहे, त्यात तुमची मर्जी नाही. काढायचं असेल तर लेखी द्या. कारण लिहा. रंग नका लिहू. काल चूळ कशामुळं भरली, ते लिहा."

त्या आत गेल्या. दार लागलं. आतून फोनवर बोलण्याचा हळू आवाज येत राहिला. कोणाशी बोलत होत्या, कळलं नाही. थोड्या वेळानं एक जीप येऊन फाटकाशी उभी राहिली. कोणी उतरलं नाही. इंजिन सुरूच होतं.

मुलगी म्हणाली, "आई, आता काय करतील?"

"माहीत नाही. तू वाच."

मी ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसले. ऊन उतरलं. चौकीदार किल्ल्या वाजवत आला, माझ्यासमोर थांबला. जीपकडं बघत खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, भेटीचा टाइम संपला. फाटक लावाचं आहे."

"लावा भाऊ," मी म्हटलं. "मी आतच आहे."