पिवळा पट्टा

आळेफाट्याच्या अलीकडं आमची बौद्ध वस्ती, आणि वस्तीच्या वरच्या अंगाला चिबड जमीन. लव्हाळ्याची, पाणकोंबड्यांची. वरच्या शेतांचं पाणी तिथं थांबायचं, मुरायचं आणि वस्तीच्या विहिरीला उन्हाळाभर पुरायचं. तिथला एक तुकडा आजोबांना मिळाला होता. पुढं तो धाकट्या भावाच्या आणि माझ्या नावावर झाला.

भावाचं फाट्यावर ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं, भाड्याच्या जागेत. मालकानं जागा सोडायला सांगितली, त्याच सुमारास नवा विकास आराखडा जाहीर झाला. नकाशात सगळी चिबड जमीन पिवळी दाखवली होती, म्हणजे बांधकामाला मोकळी. भाऊ पेढे घेऊन मंचरला माझ्या घरी आला. मी म्हटलं, "मी हरकत घेणार आहे." त्यानं पेढ्यांचा पुडा न उघडताच पिशवीत परत ठेवला.

सुनावणीला मात्र त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून गेले.

"दोघं एकाच घरचे?" साहेबांनी विचारलं.

मी विहिरीचं सांगितलं, पाणी मुरण्याचं सांगितलं, जमीन नकाशात हिरवी, म्हणजे बिनबांधकामाची ठेवा म्हटलं. मग भाऊ उठला.

"साहेब, आमच्या आज्याला ही चिखलाची जमीन मिळाली, कारण चांगली कुणी दिलीच न्हाई. आता कुठं तिला किंमत आली, तर ती हिरवी ठेवायची? वरच्या बागायतदारांनी प्लॉट पाडले, तवा कुणी हरकत घेतली व्हती का?"

तो खोटं बोलत नव्हता.

निकाल मधला लागला. जिथं पाणी उभं राहतं तेवढा मधला भाग राखायचा, कडा पिवळ्या. आमचा तुकडा कडेला होता. भावानं गॅरेजच्या शेडसाठी मुरूम टाकून रोलर फिरवला. इतरांनीही भराव टाकले, आणि ते कडेवर न थांबता मधल्या राखीव भागातही गेले, पाण्याला थांबायला जागा उरली नाही. कचेरीतून बघायला कुणी आलं नाही.

त्या पावसाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, आईच्या घरात पाणी शिरलंय. ये."

मी वस्तीत पोचले तेव्हा आई विहाराच्या ओट्यावर भिजून बसली होती आणि शेजारी आमची धान्याची पोती उचलत होते. भाऊ दिसेना. वर गेले, तर तो आमच्याच तुकड्यात जेसीबीपाशी उभा.

"मधोमध चर काढ," तो ओरडत होता.

"शेठ, मग शेड कुठं उभारणार?" ड्रायव्हर म्हणाला.

"तू काढ राव!"

पाणी चराला लागलं आणि वस्तीपलीकडच्या ओढ्याकडं वळलं. संध्याकाळपर्यंत घर मोकळं झालं. भाऊ चिखलातच बसला होता.

"गॅरेज कुठं नेऊ आता, तेवढं सांग," तो म्हणाला.

पुढं त्यानं नाशिक रस्त्याला एक अडचणीची जागा भाड्यानं घेतली. चर तसाच राहिला आणि उरलंसुरलं पाणीही त्यातून वाहून गेलं. यंदा उन्हाळ्यात विहीर आटली. वस्तीत टँकर येतो. चर बुजवावा तर पाणी पुन्हा घरात येईल, ठेवावा तर विहीर कोरडी. वरचे भराव काढायला कुणी तयार नाही. ते काढायला लावावेत म्हणून आम्ही दोघांनी मिळून आता अर्ज दिला आहे. भाऊ म्हणतो, "लई उशीर झाला, ताई." तरी दर आठवड्याला कचेरीत चौकशीला तोच जातो.