बोनसच्या तोंडावर झालेली चोरी

ती फिर्याद अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पोराला गळफास लावून आत्महत्येचा देखावा करणारा बापही पाहिला. पण पितळेच्या चार तुकड्यांची ही चोरी मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून गेली. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, त्यांची मुलंबाळं त्याच भागात नोकरीधंदा करतात, म्हणून नाव कुणाचंच सांगत नाही. गावाचंही नाही. देवगाव फाट्यावरून एसटीनं फार वेळ लागत नाही, एवढं परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला पुरे.

आणीबाणी उठली होती, दिल्लीतलं सरकार बदललं होतं आणि दिवाळी तोंडावर आली होती. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. हद्दीत कापसाची एक जिनिंग फॅक्टरी होती. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की तिच्या भोंग्यावर सगळं गाव घड्याळ लावायचं. तोवर मशिनरीची दुरुस्ती चाले आणि मोजकेच कामगार आत असत.

सकाळी हजेरी आटोपून मी डायरी बघत होतो, तेवढ्यात फॅक्टरीचा मॅनेजर आला. फिर्याद तो घरूनच टाइप करून घेऊन आला होता. मशीनला तेल-ग्रीस देणारा त्यांचा ऑइलमन, त्यानं मशीनच्या फिरत्या दांड्याभोवती बसवायचे नवे पितळी बुश चोरले, असा मजकूर होता. फॅक्टरीच्या मुकादमानं ते त्याच्याकडे पाहिले आहेत, असंही पुढे लिहिलं होतं. नोकरानं मालकाची चोरी केली की कलम तीनशे एक्क्याऐंशी लागतं. मी गुन्हा दाखल केला.

"फिर्यादीची नक्कल आजच पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "आणि अटक कधी करता?"

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ज्याची चोरी होते तो माणूस आधी आपला माल विचारतो. म्हैस गेलेला विचारतो, साहेब, म्हैस सापडंल का? चोराला फाशी द्या हे नंतर येतं. या गृहस्थाला बुशची काडीची चिंता नव्हती. त्याला कागद हवा होता. मी मनात एक गाठ मारून ठेवली आणि जमादाराला सोबत घेऊन झडतीला निघालो.

ऑइलमनचं घर गावाच्या टोकाला बौद्ध वस्तीत होतं. चाळिशीचा, सडपातळ, बोटांच्या पेरांत तेल मुरलेला माणूस. दारात पोलीस बघून त्याची बायको चुलीपुढून उठली. तोवर वस्ती गोळा झाली होती, वरच्या आळीतूनही लोक बघायला आले होते. मॅनेजरनं पंच म्हणून आपली दोन माणसं पुढे केली. ती मी परत पाठवली आणि एक शिक्षक व एक किराणा दुकानदार असे पंच घेतले.

घर दीड खणाचं. स्वच्छ सारवलेली जमीन, पत्र्याची पेटी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. भांडीकुंडी, अंथरूण, धान्याचा डबा, सगळं बघितलं. काही मिळालं नाही. सगळे दारापर्यंत आले होते. मुकादम मात्र लांब रस्त्याच्या कडेला उभा होता. तिथूनच तो ओरडला, "त्या गवऱ्यांत बगा!"

घराबाहेर रस्त्याला लागून गोवऱ्यांची उडवी रचलेली होती. जमादारानं वरचे चार थर काढले आणि गोणपाटाचं गाठोडं बाहेर आलं. आत चार कोरे बुश. लोकांतून "अरारा" निघालं. ऑइलमनची बायको म्हणाली, "ह्या गवऱ्या मी रोज काढते सायेब. काल न्हवतं ह्यात काई."

पंचनामा झाला, मुद्देमाल सीलबंद झाला. ऑइलमनला आम्ही बाजारपेठेतून चालवत ठाण्यात आणलं. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते. अटक मात्र मी दाखवली नाही, चौकशीसाठी व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. दुपारी मॅनेजरचा माणूस दोनदा येऊन गेला. अटक झाली का, एवढंच विचारत होता.

खबर आली ती फॅक्टरीतल्याच एका बाईकडून. सीझनमध्ये मशीनवर कापूस टाकायला जाणारी, शेतकऱ्याच्या घरची, पन्नाशीची बाई. शेळी हरवल्याची तक्रार द्यायची आहे म्हणून ठाण्यात आली आणि शेळीचा रंग सांगता सांगता आवाज खाली आणून म्हणाली, "सायेब, त्या मानसानं चोरी न्हाई केली. त्येला बोनसपायी धरलंय."

"बोनसचा नि चोरीचा काय संबंध, मावशी?"

"ते मला काय ठावं? पर मॅनेजर मनायलाय, ज्यानं ज्यानं बोनसच्या अर्जावर अंगठा दिलाय त्येच्या घरात पितळ निगंल. आमी समद्यांनी अंगठं दिल्यात. पयली सई त्याची हाय." मग तिनं आपलं गाठोडं उचललं. "आन् शेळी सापडली बरं का माझी."

मला बोनस म्हणजे शेठची खुशी, एवढंच माहीत होतं. सरकारी कामगार अधिकारी त्या दिवशी योगायोगानं गावातल्या विश्रामगृहात उतरले होते. मी सरळ त्यांच्याकडे गेलो आणि ऑइलमनवरची फिर्याद सांगितली. माणूस गोल चेहऱ्याचा, पान खाणारा, पण कायद्यात पक्का.

"खुशी नव्हे, हक्क," ते म्हणाले. "हिशेबाच्या वर्षात तीस दिवस काम भरलं की कामगार बोनसला पात्र. मग तो कायम असो, हंगामी असो की रोजंदारीवर. मॅनेजर म्हणतो सीझनच्या लोकांना बोनस नसतो. साफ खोटं आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम सोडून द्यायचा. कामावर अपघात झाला म्हणून घरी पडून राहिला, तर ते दिवसही कामाचेच धरायचे. आणीबाणीत किमान बोनस चार टक्क्यांवर आणला होता, आता परत आठ पूर्णांक तेहतीस झालाय. नफा असो की तोटा. वर्षभर राबलेल्याला महिन्याचा पगार, चार महिने राबलेल्याला त्या चार महिन्यांच्या मजुरीवर."

"आणि फौजदाराला किती?"

"सरकारी नोकर या कायद्यात बसत नाही."

"म्हणजे दिवाळीला आम्हाला फक्त बंदोबस्त," मी म्हणालो. ते हसले. मग मी मुद्द्याचं विचारलं. एकदा पात्र झालेला कामगार बोनस गमावतो कधी?

त्यांनी पान बाजूला ठेवलं. "बडतर्फ झाला तर. तेही कुठल्याही कारणानं नाही. फसवणूक, आवारात दंगा-मारामारी, किंवा कारखान्याच्या मालाची चोरी, अफरातफर, नासधूस." चोरी या शब्दावर ते थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. "अहो, कामगारांच्या अर्जावर परवा माझ्यापुढे बैठक आहे. बोलणार तोच ऑइलमन होता."

आता नक्कल का हवी होती ते कळलं. त्या कागदावर एक माणूस चोर म्हणून बडतर्फ करायचा, त्याचा बोनस बुडवायचा, आणि बाकीच्यांना दाखवायचं की अंगठा दिलेल्याचं काय होतं. पण कळणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं. मुद्देमाल त्याच्या दारात सापडला होता आणि बघणारा साक्षीदार हजर होता. तो साक्षीदार फुटला नाही तर निष्पाप माणूस चोर म्हणून तुरुंगात जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा जबाब घ्यायला बसलो. धिप्पाड गडी, शेतीवाडीच्या घरातला. सोबत धीर द्यायला त्याचे चुलते आले होते, फेटा बांधलेले, गावात वजन असलेले म्हातारे. ते व्हरांड्यात बसले. पलीकडच्या बाकावर ऑइलमन होता.

"तुम्ही बुश कुठे पाहिले?"

"त्याच्या घरात. सांजच्याला ड्युटीचा निरोप सांगाया गेल्तो. त्यानं देव्हाऱ्यामागून गाठोडं काडलं, ते म्या पायलं."

मी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. त्या घरात देव्हारा नव्हता. त्या वस्तीतल्या कुठल्याच घरात नव्हता. धर्मांतरानंतर त्या लोकांनी देव कधीच घराबाहेर काढले होते. आपल्या घरात असतो म्हणजे सगळ्यांच्या घरात असणार, असं मुकादमानं धरलं होतं. वीस-एक वर्षांत त्यानं त्या घरात एकदाही डोकावलं नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

मी त्याला अडवलं नाही. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, त्याला बसायला आणखी जागा द्यावी. मी विचारलं, "म्हणजे चांगले आत जाऊन बसला होता?"

"हौ. बसलो की."

"पाहुणचार झाला असेल. पाणी दिलं?"

तो घुटमळला. नाही म्हणावं तर बसला कशाला, हा प्रश्न येणार. "दिलं," तो पुटपुटला.

"चहा?"

"...दिला."

मी जमादाराला हाक मारली. "जमादार, चुलत्यांना आत बोलवा. जबाब वाचून दाखवतो, मोठ्या माणसांनीही ऐकलेला बरा." म्हातारे आत येऊन बसले. मी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. मी अमुक, धंदा मुकादमी, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी ऑइलमनच्या घरात जाऊन बसलो. त्यांच्या घरचं पाणी प्यालो, चहा घेतला.

म्हाताऱ्यांनी फेट्याखालून पुतण्याकडे पाहिलं. "काय रं? तू त्याच्या घरचं पानी पेलास?"

मुकादमाचा चेहरा पांढरा पडला. मी शांतपणे पुढे म्हणालो, "हेच तुम्हाला कोर्टात, सगळ्या गावापुढे सांगायचं आहे. करा सही."

"न्हाई!" तो ताडकन उठला. "आईच्यान न्हाई काका! म्या त्याच्या घरात पाय बी टाकला न्हाई! मॅनेजरनं गाठोडं दिलं, म्या बाहीरल्या बाहीर गवऱ्यांत खुपसलं!"

जमादारानं टाक उचलून माझ्या हातात दिला. मी पहिला जबाब तसाच ठेवला आणि दुसरा लिहायला घेतला. चोरीचा खोटा आळ घेताना या माणसाची जीभ अडखळली नव्हती. ती अडखळली पाण्याच्या पेल्याशी.

मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही. तपास जमला की पोलिसाला शिकार साधल्यासारखं वाटतं. मी व्हरांड्यात येऊन ऑइलमनला म्हणालो, "सुटलात तुम्ही. खरं बोलला तो."

"ऐकलं सायेब," तो म्हणाला. "कशापायी खरं बोलला ते बी ऐकलं."

त्याची सुटका ज्या गोष्टीनं झाली, तिच्याहून मोठा अपमान दुसरा नव्हता. मला लाज वाटली, आणि मुकादमापेक्षा म्हाताऱ्याचा राग जास्त आला. पुतण्या खोटी साक्ष देत होता याचं त्याला काही नव्हतं.

पुढचं सोपं होतं. मॅनेजरला बोलावलं. आधी त्यानं मुंबईतल्या ओळखी सांगितल्या. मी त्याच्यापुढे दुसरा जबाब ठेवला आणि खोटी फिर्याद देणाऱ्याला कलम दोनशे अकराखाली काय होतं ते समजावलं. ओळखी कमी कमी होत गेल्या. मी केस 'ब' समरीत, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, अशी कोर्टाकडे पाठवली आणि त्याच्यावर कारवाईची परवानगी मागितली. बैठक ठरल्या दिवशी झाली. ऑइलमन तिथं बोलला. तीस दिवस भरलेल्या सगळ्यांना, सीझनच्या बायांनाही, दिवाळीआधी बोनस मिळाला.

पण त्याला सोडलं त्या दुपारची गोष्ट राहिली. मी त्याला म्हणालो, आता घरी जा. त्याची बायको न्यायला आली होती. ती पायरीवरून हलेना.

"काय झालं, बाई?"

"आनताना बाजारातून चालवीत आनलं सायेब. समद्या गावानं बगितलं. आता तुमी मनता, घरी जा. गावाला कोन सांगंल, ह्यो चोर न्हाई मून?"

"कोर्टात कागद जाईल."

"कोर्टात गाव येतंय का?"

जमादार खाली बघत होता. मी टोपी घातली, पट्टा आवळला आणि त्या दोघांसोबत पायी निघालो. त्याच बाजारपेठेतून. किराणावाल्यापाशी थांबून, तोच आमचा पंच होता, मोठ्यानं सांगितलं की फिर्याद खोटी होती. पुढे कापडवाल्याला सांगितलं, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात सांगितलं. पहिल्या दुकानापाशी ऑइलमन मान खाली घालून चालत होता. हॉटेलपाशी त्यानं आपणहून एकाला हाक मारली. वस्तीत पोचेस्तोवर तो माझ्या पुढे चालायला लागला होता.

कायद्यानं त्याचा बोनस कसा मोजायचा ते सांगितलं होतं, तो कधी जातो नि कधी टिकतो तेही सांगितलं होतं. चारचौघांत गेलेलं नाव परत कसं द्यायचं, याचं कलम मला कुठेच सापडलं नाही. त्या दिवसापासून मी ठाण्यात एक नियम घातला आणि बदली झाली तिथं तिथं तो नेला. निर्दोष सुटलेल्या माणसाला ज्या रस्त्यानं आणलं त्याच रस्त्यानं, गणवेशातला पोलीस सोबत देऊन, दिवसाउजेडी घरी पोचवायचं. काही वरिष्ठ मला हसले. त्यांना हसू दिलं.