खिशातला गूळ

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. पण ज्या गोष्टीवरून भांडायला हवं होतं, तिच्यावरून मी कधी भांडलेच नाही.

आमचे हे हैदराबादला बॅटरीच्या कारखान्यात, शिसं वितळवायच्या भट्टीवर. नांदेडहून इथं आलो, तेव्हा आमच्या घराण्यातली ती पहिली पगाराची नोकरी. सुट्टी होताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची तिथली पद्धत. गुळानं छातीतली धूळ निघते म्हणे. हे तो कधी खायचे नाहीत, शर्टाच्या खिशात टाकून घरी आणायचे. कपडे कारखान्यातच बदला, असं तिथं भिंतीवर लिहिलेलं. पण कंपनीचं नाव विणलेला तो शर्ट घालूनच यांना गल्लीतून यायचं असायचं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लेक दारातच "पप्पा, बेल्लम!" करत खिशात हात घालायची. तेलुगू पोरींत वाढलेली, गुळाला बेल्लमच म्हणायची.

"अहो, तुमच्या छातीसाठी देतात ना? तुम्ही खा की!" मी ओरडायची.

"मला काय धाड भरलीय? खाऊ दे तिला."

दुसरीत गेली तसं तिचं पोट दुखायला लागलं. काल पाठ झालेला पाढा आज कोरा. मला वाटलं, नाटकं करते. मारलं हो मी तिला. एकदा तर लाटण्यानं.

मग कारखान्यात नवीन डॉक्टर आले. यांच्या रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी पहिलं विचारलं, घरात लहान मूल आहे का? कोठीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन लेकीचंही रक्त तपासलं. तिच्याही रक्तात शिसं. "गूळ-बिळ से कुछ नै होता, अम्मा," तिथले डॉक्टर म्हणाले. कपड्यांवरची धूळ त्या गुळाला चिकटून रोज तिच्या पोटात गेली होती. रक्तातलं शिसं कमी होईल, पण डोक्याचं झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही, म्हणाले.

आता हे तिकडेच अंघोळ करून, घरचे कपडे घालून येतात. परवा लेकीनं विचारलं, "पप्पा, मी बेल्लम खात नाही आता. आता मला पाढे येतील ना?"

"येतील की," म्हणत हे तिच्याबरोबर चारचा पाढा म्हणायला बसले. चार त्रिकला ती अडली. तेवढ्यात मी पाणी आणायला उठले, तर पोरीनं अंग चोरून दोन्ही हात डोक्यावर धरले.