ओंदोंद अप्पा

अप्पांच्या घरी पंखा बंद पडला, तर आधी पंख्याकडे कुणी पाहायचं नाही. अप्पा खुर्चीतूनच म्हणायचे, "थांबा. काल चालत होता. कालपासून काय बदललं, ते सांगा." मग दुरुस्ती सुरू झाली, की "ओंदोंद, ओंदोंद!" असा घोष. कानडीत ओंदोंद म्हणजे एकेक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून पाहायची. नाही जमलं तर ती पहिल्यासारखी करून दुसरीला हात घालायचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात सारी नोकरी काढलेल्या या माणसाला हुबळीच्या आमच्या केश्वापुरात सगळे ओंदोंद अप्पाच म्हणत.

हा नियम स्वयंपाकघरालाही लागू होता. "मीठ, चिंच, गूळ, तिन्ही एकदम वाढवलंस. आता आमटी बिघडली तर दोष कुणाचा म्हणायचा?" असं ते विचारायचे. "जेवणाऱ्याच्या जिभेचा," असं अक्का, म्हणजे त्यांची बायको, थंडपणे सांगायच्या. मी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिकवत होते. वर्गात पोरं ऐकत नाहीत म्हणून एकदा त्यांच्यापाशी रडगाणं गायले, तर अप्पांनी विचारलं, "आधी त्यांची जागा बदललीस, की तुझं शिकवणं? दोन्ही एकदम बदलू नको हं." मला तेव्हा राग आला होता. खरं तर मी दोन्ही बदललं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी वसू माझी बालमैत्रीण. ती शिकायला जर्मनीला गेली आणि तिथल्याच पीटर नावाच्या इंजिनिअरशी तिनं लग्न केलं. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "देश, भाषा, धर्म, जेवण, सगळं एकदम बदललं हिनं. उद्या काही मोडलं तर कुठं शोधायचं?" आणि मुलीशी बोलणं टाकलं ते सहा वर्षं. तिचा ट्रंक कॉल शेजारी आमच्याकडे यायचा. अक्का पदर सावरत धावत यायच्या. अप्पा मात्र आपल्या दारातूनसुद्धा बाहेर पडत नसत.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला वसू नवऱ्याला घेऊन हुबळीला आली आणि स्टेशनजवळच्या लॉजवर उतरली. अक्कांनी अप्पांना सरळ सांगितलं, "चहाला तरी येऊ देत. नाहीतर मीच लॉजवर राहायला जाते बघा." अप्पा म्हणाले, "चहा. जेवण नाही." आधाराला म्हणून अक्कांनी मला बोलावून घेतलं.

चहा झाला. अप्पा पेपरच्या आड होते. शेवटी पीटरनं सोबत आणलेलं खोकं उघडलं आणि जमिनीवर रूळ मांडायला लागला. ती साधी खेळण्यातली आगगाडी नव्हती. त्या रुळांतून विजेबरोबर हुकूमही जायचे. प्रत्येक इंजिनाला आपापला नंबर. बटण दाबून दोन नंबरला हाक मारली, की दोन नंबरनंच निघायचं. त्याच रुळावरच्या बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. पण त्या दुपारी दोन नंबर ऐकेना. गचके द्यायचं आणि थांबायचं. पीटरला घाम फुटला. त्यानं वायरी उपटल्या, नंबर बदलला, इंजिनाचं झाकणही काढायला घेतलं. तसा पेपर खाली आला.

"नो, नो! वन बाय वन!" अप्पा म्हणाले. जावयाशी ते बोललेले हे पहिले शब्द.

मग दोघं जमिनीवर मांडी घालून बसले. पीटरची मांडी काही नीट बसेना. आधी त्यांनी भिंतीतल्या विजेचा दाब तपासला. मग स्पिरिटच्या फडक्यानं रूळ पुसले, कारण हुबळीची धूळ कुणाला सोडत नाही. मग दुसरं इंजिन ठेवलं. तेही गचके द्यायला लागलं. "म्हणजे इंजिन बरं आहे," अप्पा वसूकडे न बघता म्हणाले. "हुकूम निघतोय, पण पोचत नाही. मधे कोणतरी गिळतंय." आणि त्यांनी रुळांचे तुकडे एकेक करून बदलायला लावले.

वायर जोडायचा तुकडा जरा काळवंडलेला होता. तो पीटरच्या लहानपणच्या गाडीतला. खोक्यात नवा असताना त्यानं मायेनं जुनाच लावला होता. तो काढून नवा लावला, तसं इंजिन सुरेख निघालं. तुकड्याच्या पोटात एक कपॅसिटर होता. जुन्या साध्या गाडीमुळे रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बसवलेला, आणि तोच इथे हुकूम गिळत होता. पीटरनं कपाळावर हात मारून घेतला.

अप्पांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "नव्यात काही दोष नव्हता. हा जुना, चांगलाच आहे. पण नव्याचं बोलणं पोचू देत नव्हता."

"आत्ता कळलं?" अक्का आतून म्हणाल्या.

अप्पांनी तुकडा धोतराला पुसून पीटरच्या हातात दिला आणि वसूकडे वळले.

"लॉजवर सामान किती आहे ग?"

"दोन बॅगा, अप्पा."

"मग घेऊन ये की. आणि जावईबापूंना विचार, रात्री भात चालतो का."

वसू माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काय?

रजा संपेपर्यंत ती दोघं तिथेच राहिली. अप्पा पीटरला दुर्गदबैलाच्या बाजारात घेऊन गेले. आणायचं होतं स्पिरिट, पण गाडी थांबली प्रत्येक ओळखीच्या दुकानापुढे. "नम्म अळिया," आमचा जावई, म्हणून त्याची ओळख करून देत सगळा बाजार हिंडले. पीटर हात जोडून जोडून दमला.

निघायच्या दिवशी मीही स्टेशनवर गेले होते. ती त्यांची शेवटची भेट ठरेल, वर्षाच्या आत अप्पा जातील, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? वसू खिडकीत बसली होती. अप्पा गजांना धरून हळूच म्हणाले, "वसू, गाडी उशिरा धावली, की आम्हाला कारण लिहून द्यावं लागायचं. मी सहा वर्षं उशीर केला. आठवडाभर शोधतोय ग. लिहावं असं एकही कारण सापडत नाही."

वसूनं गजांतून त्यांचा हात धरला. गाडी हलली. चालत्या गाडीला हात लावून चालणाऱ्यांवर जन्मभर ओरडलेला तो माणूस फलाटावरून गाडीबरोबर चालायला लागला. "अहो, सोडा की आता हात!" अक्का मागून हाका मारत होत्या. अप्पा ऐकत नव्हते.