मांगरातले फरारी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कोणी त्या बाजूचा विषय काढला की मी आंब्याच्या फवारणीवर बोलायला लागायचो. आता गुडघे गेले, कलमं मुलगा बघतो, आणि फवारणीवरचं माझं बोलणं घरात कोणी ऐकत नाही. तेव्हा सांगून टाकतो.

सुरुवात सिनेमापासून झाली. मी तेव्हा रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होतो. एक हौशी मंडळ अधूनमधून शाळेच्या सभागृहात जुने परदेशी सिनेमे दाखवायचं. त्यात एक काळापांढरा अमेरिकन सिनेमा आला. दरोडा घालून पळालेला एक पोरगा, त्याच्यासाठी घर सोडलेली एक पोरगी आणि मागे पोलीस. दोघं मोटारीतून गावोगाव लपत फिरतात आणि एकदा सरहद्द ओलांडली की सुटलो असं म्हणत राहतात. शेवटी ज्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे आसऱ्याला येतात, तोच पोलिसांना फोन करतो. पोरगा गोळी लागून मरतो. मला त्यातलं फार काही आवडलं नाही, खुर्चीतले ढेकूण तेवढे लक्षात राहिले. माझा मित्र मात्र बाहेर पडला तो कॉलर वर करून. ओठाच्या कोपऱ्यात सिगारेट, तीही न पेटवलेली, कारण पेटवली की त्याला खोकला यायचा.

त्याचं आमच्याच आळीतल्या एका मुलीवर प्रेम होतं. तिचे वडील बोटीवर, तिला वाढवलं काकांनी. जात वेगळी आणि मुलगा बिनकामाचा, म्हणून काकांचा साफ नकार. मी मित्राला सरळ मार्ग सांगितला होता. सकाळची कोल्हापूरची एसटी पकडा, तिथे माझा मावसभाऊ आहे, तो लग्न लावून देईल. त्यावर तो म्हणाला, "त्यात काय मजा?"

ही ‘मजा’ अजून माझ्या डोक्यात जाते.

दिवाळीनंतर तो तिला घेऊन पळाला. आंब्याच्या पेट्या वाहायची कोणाची तरी जीप मागून आणली आणि नाटे गावाजवळ, कातळावरच्या आमच्या बागेतल्या मांगरात दोघं येऊन राहिली. बागेतली झोपडी ती, हंगाम नसल्यामुळे रिकामी होती. पुढे मच्छीमारांच्या बोटीने गोव्याला जायचं ठरलं होतं. गोवा म्हणजे त्याची सरहद्द. मी म्हटलं, अरे, गोव्याला रोज एसटी जाते. तर म्हणाला, "मेल्या, एसटीने कोण पळून जातं?"

बोटवाला रोज ‘बघू’ म्हणायचा आणि हा रोज वाट बघायचा. जीप माडाच्या झापांखाली लपवलेली, जरी ती कुठे आहे हे जीपवाल्याला पक्कं ठाऊक होतं. मी कचेरीतून रजा काढून गावी आलो होतो. रोज घरातून पेज, भाकरी, सुकी मासळी चोरून न्यायचो. आईला वाटलं मला भस्म्या झालाय. मांगराजवळ आलो की शीळ घालायची असा त्याचा हुकूम होता. मला शीळ येत नाही. मग मी बाहेर उभा राहून "अरे, मी आहे" म्हणून ओरडायचो आणि हा आतून विचारायचा, एकटाच आहेस का.

ती बिचारी मांगर झाडायची, तीन दगडांची चूल पेटवायची आणि रोज संध्याकाळी ग्रामदेवतेच्या दिशेला तोंड करून एक फूल ठेवायची. एकदा तो पाण्याला गेलेला असताना तिने मला विचारलं, "दादा, सिनेमातली दोघं पार झाली ना? हा म्हणाला, झाली." त्याने तिला शेवट सांगितलाच नव्हता. मीही नुसती मान हलवली.

माझी रजा संपत आली. रत्नागिरीला परत निघालो तर त्याने वर्तमानपत्रं आणायला सांगितली. आपला फोटो आलाय का ते बघायचं होतं. दरोडा ना खून, मागून आणलेली जीप आणि एक अर्धपोटी मुलगी, आणि म्हणे फोटो! प्रवासभर मी धुसफुसत होतो. स्टँडवर उतरलो आणि वर्तमानपत्राच्या दुकानाऐवजी थेट काकांच्या घरी गेलो.

मी त्यांना मांगराचा पत्ता दिला. म्हटलं, घेऊन या आणि लग्न लावून द्या, पोरीचे हाल होतायत. ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले, लग्नालासुद्धा. आणि म्हणाले, तुझं नाव कुठे येणार नाही. यातलं शेवटचं तेवढं त्यांनी पाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रामदेवतेच्या देवळात सगळ्या आळीसमोर कौल लावला. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या. काकांनी विचारलं, मुलगी दक्षिणेला आहे का? उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. समुद्राच्या अंगाला आहे का? परत उजवी. माणूस आधीच ठाऊक असलेलं देवीला विचारत होता. मी गर्दीत हात जोडून उभा होतो. डावी पडली असती तर ते काय करणार होते, कोण जाणे.

मांगरापाशी काय झालं ते मला मित्राने नंतर सांगितलं. तो सिनेमातल्यासारखा दोन्ही हात वर करून बाहेर आला. काकांबरोबर आलेल्यांपैकी कोणाच्या हातात साधी काठीही नव्हती. काका तिला एवढंच म्हणाले, "देवीनेच वाट दाखवली." तिने डोळे मिटून हात जोडले, आपलं बोचकं उचललं आणि निघाली. तोपर्यंत ती काकांशी भांडायला तयार होती. देवीशी कशी भांडणार?

त्याच वर्षी तिला देवरूखला दिली. मित्र बोटीवर नोकरीला गेला, पुढे त्याचंही लग्न झालं, मुलं झाली. दोन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटपर्यंत हसत म्हणायचा, "लेका, देवीच फितूर झाली." मीही हसायचो.

तो गेल्यावर मला झोप लागेना. सुनेने तो जुना सिनेमा कुठून तरी शोधून पेन ड्राइव्हवर घालून दिला. तोंडाने सांगणं मला जमणार नव्हतं. म्हटलं, तिला सिनेमा दाखवू. तो माणूस फोन करायला उठला की म्हणायचं, बाय, हा मी.

देवरूखला गेलो. ती आता मुलाकडे असते, नवरा नाही. टीव्हीला पेन ड्राइव्ह लागेना, लागला तर आवाज येईना. ती हसत होती, "दादा, तुम्ही रत्नागिरीहून सिनेमा दाखवायला आलात?" मग सिनेमा सुरू झाला आणि तिची बडबडही. ही बाई जेवते कधी, एवढ्या पळापळीत हिचे केस विस्कटत कसे नाहीत. शेवटी तो माणूस फोनकडे गेला, मी तोंड उघडलं, आणि नेमका स्वयंपाकघरात तिच्या सुनेने मिक्सर लावला. मिक्सर थांबेपर्यंत पोरगा मरून पडला होता.

ती पडद्याकडे बघत राहिली. "हा मरतो?"

"हो."

"मला तर पार झाली म्हणून सांगितलं होतं त्याने." तिने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "बरं झालं हो, आम्हाला देवीनेच आणलं. असं कोणा माणसाने सांगितलेलं असतं ना दादा, तर मी त्याला कधी माफ केलं नसतं."

मी माझ्या चपला कुठे आहेत ते विचारलं. तिने फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची पिशवी हातात दिली आणि फाटकापर्यंत सोडायला आली.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन मी माझं न बोललेलं वाक्य पाली गावापर्यंत घोकत होतो. तिच्यासमोर बसून सांगायचं होतं ते एवढंच होतं: बाय, देवी तुझ्या विरुद्ध कधीच नव्हती. काकांना सांगितलं ते मी, आणि तेही नुसतं वैतागून. मला माफ कर.