कुणाच्या नावाची मूठ

माझा चुलतभाऊ उखर्डू धुळ्यात, देवपुरात, सायकली दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडायचा. दोन्ही कामं तो सारखीच मन लावून करी. शहाऐंशी साली त्याने बायकोला, यशोदाबाईला, पाना फेकून मारला. तिच्या कपाळाला चार टाके पडले. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. शिव्या खायच्या तयारीने गेलेला हा बाबा प्रार्थनेने पार गडबडला. वर्षभरात त्याने बाप्तिस्मा घेतला.

"गेला का राग?" मी चिडवायचो.

"पाळकसाहेब म्हनतस, जो टिकना तो जिकना. पन राग ते आंगमाच शे मना," तो कानकोंडा होऊन म्हणायचा. एक मात्र खरं, त्यानंतर त्याचा हात कुणावर उठला नाही. राग आला की दुकानामागे जाऊन रिकाम्या ट्यूबमध्ये हवा भरत बसे.

मग श्रावण आला आणि आमच्या कुलदेवीचे, कानबाईचे, रोट आले. आमचं गाव शिंदखेड्याजवळ. कानबाई बसायच्या आधी घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. त्याच गव्हाचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, होतो आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला कणही नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली नाही, तो परका.

उखर्डूच्या डोक्याचा भुगा झाला. मूठ पडली तर रोट खायचा का? चर्चच्या मंडळीतला एक वडीलधारा म्हणाला, खुशाल खा. दुसरा म्हणाला, खाल्लास तर हरलास. आणि मूठ पडलीच नाही तर? तर प्रश्न मिटला, पण घरही मिटलं. मला विचारायचा, आणि मी कारकुनी करणारा माणूस, मला काय कळणार! शेवटी शनिवारी आम्ही दोघं एसटीने गावी गेलो.

ओसरीवर भिकुबाई वहिनी सूप घेऊन बसली होती. आई गेल्यावर उखर्डूला तिनेच वाढवलेला. एकेक नाव घेत ती मुठी टाकत होती. उखर्डूचा थोरला भाऊ धनसिंग, म्हणजे तिचा नवरा, मग तिचा मुलगा, मग मी. मग कुणाकडेही न बघता तिने "उखर्डू" म्हटलं आणि मूठ टाकली.

धनसिंग उसळला. "काढ त्यानी मूठ! तो आते आपला ऱ्हायना नहीं." वहिनी हलली नाही, तेव्हा त्याने स्वतःच सुपात हात घालून मूठभर गहू बाहेर काढले.

"हाई त्यानीच कशावरथीन?" वहिनी म्हणाली. "तुमनी बी व्हई. नहीं ते पोऱ्यानी."

धनसिंगचा चेहरा उतरला. सगळे गहू एक झाले होते. कुलदेवीच्या सुपातून आपण कुणाचं नाव काढलं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मूठ परत टाकावी तर बाटग्याला घरात घेतल्यासारखं, बाहेर ठेवावी तर कदाचित एकुलत्या पोराचं नाव बाहेर.

उखर्डूच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. मला वाटलं, आता हा भावाचं टाळकं फोडणार. खरं सांगतो, फोडावं असंही वाटलं. तो उठला आणि त्याने उपरण्याचा पदर पसरला.

"ती मनीच मूठ शे, भाऊ. दे माले."

धनसिंगने घाईघाईने गहू त्यात ओतले आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. वहिनी सुपात बघत रडत होती. उखर्डूने दोघांच्या पाया पडून सरळ एसटीचा रस्ता धरला.

पुढच्या आठवड्यात दुकानात भेटला. "पाळकसाहेब म्हनतस, तू जिकना. मंग माले हारेल शे असं काबरं वाटी ऱ्हायनं?"

मग हातातला पाना खाली ठेवून त्याने हळूच विचारलं, "खरंच मनीच व्हती का ती मूठ?"

ती माझीही असू शकत होती. हे मला तिथे ओसरीवरच कळलं होतं. तरी मी गप्प बसलो, मागे राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी पंगतीला बसून पोटभर रोट खाल्ला.