मेडशीचं बियाणं आणि इफ्राची स्क्रिप्ट

वाशीमजवळच्या मालेगावच्या इफ्राला मी कधी घाईत पाहिलं नाही. तिचे वडील फय्याज मोटारसायकलींच्या सीटा शिवतात. मुलगी संगणक शिकली आणि पुण्याला न जाता दुकानामागच्या खोलीत वेबसाइट बनवू लागली. मेडशीच्या आमच्या बायकांच्या गटाची साइट तिचीच. गटाची अध्यक्ष माझी बायको, रुखमाबाई.

गट घरचं सोयाबीन बियाणं विकतो. दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची, चांगलं उगवलं तेच विकायचं, ही बायकांची रीत. यंदा पहिल्यांदाच नोंदणी साइटवर ठेवली होती. पेरणीच्या तोंडावर शेतकरी थांबत नाही. साइट उघडली नाही तर तो दुकानाची वाट धरणार, आणि आमचं निवडलेलं बियाणं बाजारात साध्या सोयाबीनसारखं ओतावं लागणार.

इफ्राची पद्धत ठरलेली. चालू साइटला हात लावायचा नाही. बदल आधी आपल्या संगणकावर करायचा. काय बदललं, कशासाठी, ते लिहून गिटमध्ये जमा करायचं. गिट म्हणजे बदलाआधीचं प्रत्येक रूप जसंच्या तसं सांभाळणारी सोय. मग स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला क्रमाने द्यायच्या हुकमांची यादी, चालवायची. ती पानं तयार करते, तपासते आणि सगळं ठीक असेल तरच साइट एकदम सर्व्हरवर चढवते. एखाद्या बियाण्याची उगवण लिहायची राहिली, तर अडून बसते. ही स्क्रिप्ट लिहायला इफ्राने पूर्ण उन्हाळा घातला. मुद्दाम चुका घालायची आणि स्क्रिप्ट त्या पकडते का ते बघायची. मी गवंडीकाम केलेला माणूस. जमिनीखालच्या पायात किती मेहनत जाते ते मला ठाऊक आहे.

गटाची बाहेरची कामं बघणारा माझा पुतण्या वीरेंद्र. त्याला हे पटायचं नाही.

"दोन शब्द बदलाले एवढं लफडं कायले?"

"भाऊ, दोन शब्दांनीच साइट बंद पडते," ती म्हणायची.

नोंदणीच्या सकाळी इफ्रा एसटीने आली, तेव्हा साइट पांढरीफटक होती. फोन वाजत होते. वीरेंद्र घामाघूम. चौकात फ्लेक्स लावतात तसा त्याने साइटच्या डोक्यावर शुभेच्छांचा फलक चढवला होता. सगळ्या मंडळींचे फोटो, त्यात त्याचा सगळ्यांत मोठा. तोही मोबाइलवरून, गटाचा पासवर्ड वापरून, थेट सर्व्हरवर. साइट बिघडली म्हणून फलक खोडायला गेला आणि चांगलंही खोडून बसला.

"काय काय खोडलं?" इफ्राने विचारलं.

"आठवून नाई राह्यलं."

"फोटो टाकाले काहून गेला रे?" रुखमाबाई कडाडली. "तुहं थोबाड पाहून बियाणं उगवते का?"

बाया हसल्या. इफ्राही हसली, पण लॅपटॉप उघडायची थांबली नाही.

"एकेक ओळ पाहू," वीरेंद्र म्हणाला. "कुठं बिघडलं ते शोधू."

"शोधाचं नाई. कालची साइट चांगली होती. तीच पुरी पुन्हा चढवते."

"पुरी? दिवस जाईन!"

"बसा भाऊ, चहा प्या."

तिने गिटमधलं कालचं रूप घेतलं, स्क्रिप्ट चालवायची एक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं धावू लागली. पानं तयार झाली. तपासणीपाशी अक्षरं थबकली. मग तपासणी पार पडली, मोडकी साइट बाजूला झाली आणि चांगली तिच्या जागी बसली. रुखमाबाईने मोबाइलवर उघडून पाहिली.

"आली! माय, आली!"

वीरेंद्रचा चहा निम्माही झाला नव्हता. एका ओळीचं काम दिसलं. ते नशीब नव्हतं. त्यामागे अख्खा उन्हाळा होता.

नोंदणी ठरल्या वेळी सुरू झाली. आधी मेडशीची नावं आली, मग मालेगावची, मग वाशीमकडची. गटातली नानीबाई एकेक नाव ओरडून सांगत होती. ओळखीचं नाव आलं की बाया टाळ्या पिटत. जेवायला कोणी उठलं नाही.

"इफ्रा, थो पासवर्ड बदलून टाक," वीरेंद्र हळूच म्हणाला. "माह्याजवळ नको."

"तुमी चहा पेत होते तवाच बदलला, भाऊ."

दुपारी इफ्राने मान वर केली. "मावशी, शेवटचं पोतंही गेलं."

तरी फोन वाजतच होता. रुखमाबाईने उचलला.

"वाशीमवरून बोलून राह्यलो. बियाणं हाय का?"

"नाई बावा, सारं गेलं!" ती म्हणाली. आवाज असा की वाशीमला फोनची गरज नव्हती. "पुढल्या साली लवकर नाव टाका!"